तिरक्या खडकापर्यंत

धाकटीचं चष्म्याचं दुकान एवढंसं होतं की गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तिला काउंटरमागे अंग चोरून उभं राहावं लागे. तरी त्या दुकानात तिनं एक अख्खी नदी आणून ठेवली होती. अक्षरं वाचायच्या तक्त्याशेजारी भिंतीवर एक फोटो होता. रुंद हिरवट पाणी, दोन्ही काठांना वाकलेली झाडं आणि पुढे नावेचं निमुळतं टोक. नंबर काढून झाला की गिऱ्हाइकाची नजर हटकून तिकडे जायची, आणि एकदा का नजर गेली की मग त्याची सुटका नसे.

"आमची नदी," धाकटी सांगायची. "म्हणजे माझी आणि ताईची. बावीस वर्षं जातोय. दोन दिवस, लहानशा नावेतून, वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. ताई वल्हवते, मी पुढं बसून गळ टाकते. इतकी संथ नदी तुम्ही पाहिली नसेल. बसल्या जागी डुलकी लागेल."

"आणि ताईंना नको असते मासेमारी?"

"छे! तिला वल्ह्यांचंच वेड. गळ हातात दिला तरी धरायची नाही."

यातलं 'जातोय' आता खरं नव्हतं, हे ती गिऱ्हाइकाला सांगत नसे. चौदा महिन्यांपूर्वी ताईला अर्धांगाचा झटका आला आणि तिची उजवी बाजू गेली. पाय काठीच्या आधारानं थोडाफार परत आला, हात काही आला नाही. बोलणं तेवढं शाबूत राहिलं, आणि ताईचं बोलणं शाबूत राहणं म्हणजे काय, ते दवाखान्यातल्या सगळ्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. खाटेचे सांधे कसे चुकीचे बसवलेत हे तिनं डॉक्टरांना समजावून सांगितलं होतं. ताई लाकूडकाम करायची. चाळीस वर्षं तिनं लोकांना खुर्च्या, कपाटं आणि दारं करून दिली, आणि ती नावही तिनंच केली होती.

गेल्या वर्षीची फेरी हुकली. या वर्षी पाणी उतरून निवळ झालं तेव्हा धाकटीला राहवेना. काचा घासायच्या यंत्रात काचेवर पाण्याची बारीक धार पडते, तिचा आवाजसुद्धा तिला सोसवेना. यंत्र बंद करून ती उगाचच दुकानाच्या दारात जाऊन उभी राहायची. नदीची आठवण येणं वेगळं आणि नदी हवी असणं वेगळं, आणि तिला नदी हवी होती. ताईसकट हवी होती.

तिनं ताईला विचारलं नव्हतं असं नाही. तीनदा विचारलं. पहिल्यांदा म्हणाली, आपण एखादा वल्हवणारा माणूस घेऊ. ताई म्हणाली, "माझ्या नावेत परक्याच्या हातात वल्हं देऊन मी शोभेला बसू होय?" दुसऱ्यांदा म्हणाली, यंत्रावर चालणारी मोठी होडी मिळते. त्यावर ताईनं नुसतं नाक मुरडलं. तिसऱ्यांदा धाकटी म्हणाली, काठावर तरी जाऊन बसू. "काठावर बसायला मी काय बगळा आहे?" ताईनं विचारलं, आणि तो विषय तिथंच मिटला.

मग बुधवारी दुपारी ताईचा फोन आला. फोनवर तिला प्रस्तावना ठाऊक नसायची.

"रविवारी नाव जातेय. तो गुरांचा डॉक्टर आणि त्याची बायको येऊन घेऊन जातील. शुक्रवारी ये आणि आतला आपला पसारा काढ."

"अगं पण ताई..."

"पाण्याविना ठेवली तर सुकेल आणि सांधे सुटतील. मला ते बघत बसायचं नाही. मी शब्द दिलाय."

ताईनं एकदा शब्द दिला की तो खाली पडत नसे, हे धाकटीला लहानपणापासून माहीत होतं. फोन ठेवून ती आत गेली आणि एका शाळामास्तरांच्या चष्म्याची उजवी काच डावीकडे बसवून आली.

नावेची गोष्ट अशी. तेवीस वर्षांपूर्वी धाकटी ताईच्या कारखान्यात सहज गेली असताना ताईनं तिला चपला काढून बाकावर बसवलं, पाय लांब करायला लावले आणि घडीची पट्टी घेऊन कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं. कशाला, तर म्हणे तुझ्यासाठी स्टूल करते, दुकानात उभं राहून तुझे पाय दुखतात. स्टूल काही झालं नाही, नाव झाली. सपाट बुडाची, दोन्ही टोकं वर उचललेली, दोन माणसांची. धाकटीच्या नवऱ्यानं ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाला, ही नाव नव्हे, टोपली आहे. तेच नाव पडलं. पुढं बावीस वर्षं धाकटी ताईला चिडवत राहिली, "टोपली झाली, माझं स्टूल कुठाय?" आणि ताई म्हणत राहिली, "होईल, होईल."

टोपलीत दोन पाट. पुढच्या पाटावर गळ टाकणारा, मधल्या पाटावर वल्हवणारा, आणि दोघांचीही तोंडं नदी जाते तिकडे. म्हणजे धाकटीची पाठ नेहमी ताईकडे. ताईचं वल्हवणं तिनं कधी पाहिलंच नाही, नुसतं ऐकलं. वल्ह्यांच्या कड्यांची करकर, पात्यावरून गळणारं पाणी आणि अधूनमधून ताईचा आवाज. "डावीकडं टाक. झाडाच्या सावलीत. त्याच्याही पुढं." ताईनं सांगितलं तिथं टाकलं की मासा लागायचाच. मग धाकटी आनंदानं ओरडायची, ठिपक्याठिपक्यांचा तो मासा हातात धरून मागं वळायची, ताईला दाखवायची आणि पाण्यात सोडून द्यायची.

पहिल्या वर्षी निघतानाच ताईनं नियम सांगितला होता. "तिरक्या खडकापर्यंत मी वल्हवते. तिथून पुढं तू." तिरका खडक हा निम्म्या वाटेवर, पाण्यात कललेला, एखाद्यानं कोपर टेकून आडवं व्हावं तसा. त्याच्या पायाशी नदीतला सगळ्यात खोल डोह आणि डोहात सगळ्यात जास्त मासे. टोपली तिथं पोचली तेव्हा धाकटीच्या पुढ्यात पाणी नुसतं उकळल्यासारखं हलत होतं. ताई म्हणाली, "खडक आला गं."

"एकदाच अजून टाकते," धाकटी म्हणाली, "मग बदलू."

"टाक."

एकदाचं दोनदा झालं, दोनाचं दहादा. डोह सरला. पुढं पाण्याला ओढ होती, तिथं उठून जागा बदलता येण्यासारखी नव्हती, आणि मग खालचा पूलच आला. पुढच्या वर्षी तू, असं ठरलं. पुढच्या वर्षीही खडक आला आणि धाकटी म्हणाली, एकदाच अजून टाकते. पाच-सहा वर्षांनी ताईनं 'खडक आला' म्हणायचं सोडून दिलं. धाकटीच्या ते लक्षातही आलं नाही. तिच्यापुरता तो नियम नव्हताच, ती पहिल्या वर्षीची एक गंमत होती.

शुक्रवारी ती कारखान्यात पोचली तेव्हा ताई खिडकीशी खुर्चीत बसून डाव्या हातानं एक लाकडी चमचा घासत होती. मध्ये दोन लाकडी घोड्यांवर टोपली चढवलेली. भुसा, डिंक आणि वार्निश यांचा तो ओळखीचा वास. धाकटीला वाटलं आपण आता रडणार, म्हणून ती घाईघाईनं कामाला लागली.

पसारा काही फार नव्हता. पाटाखाली थर्मास, एक पिचकलेला टोप, आमिषाच्या डब्या, कुणाचा तरी एकुलता एक मोजा. आणि ताईचं गवती टोपडं, ज्याच्या काठावर घामाचे पांढरे नकाशे उमटले होते. धाकटीनं ते क्षणभर हातात धरलं आणि बाजूला ठेवलं. मग मधल्या पाटासमोरची पाय टेकायची पट्टी पुसायला ती नावेत वाकली.

वल्हवताना पायाला जोर देण्यासाठी ती आडवी पट्टी असते. दोन्ही बाजूंच्या लाकडांत खाचा पाडून त्यात ती वरून बसवलेली, हवी तर उचलून काढता येणारी. पट्टी काढली तर खालच्या खाचा काळ्या पडलेल्या, कडा झिजून गोल झालेल्या. बावीस वर्षं ताईच्या टाचांनी त्या रेटलेल्या. ते साहजिकच होतं. पण एक वीत अलीकडे, पाटाच्या जवळ, खाचांची आणखी एक जोडी होती. तिच्या कडा कोऱ्या करकरीत होत्या आणि आतलं वार्निश अजून चकाकत होतं.

"ताई, या कसल्या दुसऱ्या खाचा?"

"असतात."

"एकदाही वापरलेल्या दिसत नाहीत."

ताई चमचा घासत राहिली. धाकटीला काय वाटलं कोण जाणे, तिनं चपला काढल्या, घोड्याच्या पायावर पाऊल देऊन नावेत चढली आणि मधल्या पाटावर बसली. त्या पाटावर ती आयुष्यात पहिल्यांदा बसत होती. पट्टी जुन्या खाचांत ठेवली तर पाय पोचेनात. ताई तिच्यापेक्षा चांगली वीतभर उंच. पट्टी कोऱ्या खाचांत ठेवली आणि पाय लांब केले. टाचा बरोबर टेकल्या. गुडघे हवे तेवढेच वाकले. जणू कुणी तिला बसवून माप घेतलं होतं.

आणि घेतलंच होतं की!

"स्टूल," धाकटी म्हणाली. "ते माप स्टुलाचं नव्हतं."

"स्टुलाला टाचेपर्यंत माप लागतं होय? तुला तेव्हाही कळलं नाही. गावाला चष्मे लावतेस, शहाणे."

"तू बोलली का नाहीस? बावीस वर्षं! एकदा तरी म्हणायचंस, ऊठ, आता माझी पाळी."

ताईनं चमचा मांडीवर ठेवला. "म्हटलं होतं की. पहिली काही वर्षं म्हटलं. तू इतकी रंगून जायचीस. पाठीवरूनसुद्धा कळायचं. मासा लागला की तुझे खांदे वर जायचे, आई शाळेतून न्यायला आली की जायचे तसे. मग मी म्हटलं, जाऊ दे, पुढच्या वर्षी." तिनं मांडीवरचा भुसा झटकला. "पुढची वर्षं भरपूर आहेत असं वाटतं ना माणसाला."

"तुला हवं होतं? गळ टाकायला?"

"नको कुणाला असतं?"

धाकटी पाटावर बसल्या बसल्या रडू लागली, तोंडावर हात न धरता, लहान मुलासारखी. आपण किती आपमतलबी, किती आंधळ्या, हे ती हुंदक्यांमधून सांगत होती. तीनदा विचारलं, माणूस घेऊ म्हणाले, होडी घेऊ म्हणाले, काठावर बसू म्हणाले, पण मी वल्हवते हे एकदाही माझ्या तोंडातून निघालं नाही. मनातच आलं नाही. ताईला ते सगळं ऐकवत नव्हतं. एवढं उघडं रडणं तिच्या कारखान्यात याआधी कुणी केलेलं नव्हतं.

"पुरे आता. वार्निशवर पडेल."

"उद्या जाऊ या," धाकटी म्हणाली. "नाव परवा जाणार आहे ना? उद्या जाऊ. वरच्या पुलापासून तिरक्या खडकापर्यंत. मी वल्हवते."

"तू?" ताई हसली. "तू दोघींना बुडवशील. आणि मी एका हाताची बाई, मला पोहतासुद्धा येणार नाही. ओझं होऊन मी नावेत बसणार नाही, सांगितलंय तुला."

बाजूला टेकवलेली वल्ही धाकटीनं उचलली, कड्यांत अडकवली, डोळे पुसले आणि कोरड्या हवेत वल्हवायला लागली. कशीही. एक पातं वर, एक खाली, कोपरं पसरलेली. चौथ्या फटक्याला तिनं भिंतीवरचे दोन रंधे आणि एक डिंकाचा डबा खाली पाडला.

ताईनं एक मिनिट सहन केलं. ती सगळं सहन करू शकत होती, पण आपल्या डोळ्यांसमोर चुकीचं काम होताना पाहणं तिला कधीच जमलं नव्हतं.

"अगं, पुढं कुठं ढकलतेस!" ती काठी घेऊन उठलीच. "पुढं न्यायला नदी आहे ना. तू मागं ओढायचंस. पात्याची धार पाण्यात... मनगट वळव. मनगट! कणीक तिंबतेयस का?"

"मागं ओढलं तर आपण पुढं जाणार कसं?"

"हळू जाणार. पाण्यापेक्षा हळू. तेच तर काम आहे वल्ह्याचं." ताईनं काठीच्या टोकानं तिचं कोपर आत ढकललं. "आणि खडक दिसला की नावेचं नाक खडकाकडं करायचं आणि मागं ओढायचं. पळायला जाशील तर आपटशील."

संध्याकाळ होईपर्यंत दोघी तिथंच होत्या. एक हवेत वल्हवतेय आणि दुसरी काठी घेऊन नावेभोवती फिरतेय. दारावरून जाणारा भंगारवाला थांबून बघत राहिला आणि ताईनं त्याला पुढं हाकललं. धाकटीच्या तळहातांना फोड आले. मग ताईला एकाएकी सुचलं की एका हातानं गळ टाकायचा तर रीळ फिरवताना गळाची काठी धरणार कोण? तिनं धाकटीकडून एक लाकडाचा ठोकळा बाकावरच्या शिकंज्यात घट्ट आवळून घेतला, डाव्या हातानं त्यात काठीच्या बुडाएवढं भोक पाडलं आणि पुढच्या पाटावर तो बसवायला लावला. भोक थोडं वाकडं पडलं. झटक्यानंतर तिनं केलेलं ते पहिलं काम. 'उद्या येते' असं तिनं तोंडानं म्हणायचीही मग गरज उरली नाही.

शनिवारी सकाळी धाकटीच्या नवऱ्यानं टोपली गाडीवर बांधली. तो नकाशे काढायच्या कचेरीत होता. साऱ्या मुलखातल्या नद्या त्याला वळणावळणासह पाठ होत्या आणि घोट्याच्या वर तो एकाही नदीत गेला नव्हता. ताई त्याला नकाशेवाले म्हणायची.

"ताई, तुम्ही नक्की बसणार?" त्यानं पुलाखाली उतरताना विचारलं. "नाही म्हणजे, हिनं घरात बादलीसुद्धा कधी न सांडता नेलेली नाही."

"नकाशेवाले, तुम्ही खडकाखालच्या वाळवंटात येऊन थांबा. आम्ही आलो तर घेऊन चला. नाही आलो तर नकाशात खूण करा."

दोघांनी मिळून ताईला पुढच्या पाटावर बसवलं. गवती टोपडं डोक्यावर, अंगावर तरंगायचं जाकीट, उजवा हात मांडीवर नीट ठेवलेला. ती जरा इकडेतिकडे सरकली आणि मागं न बघता म्हणाली, "हा पाट एवढा अरुंद केलाय मी? तू कधी बोलली नाहीस."

"मला वाटायचं मीच सुटलेय."

नवऱ्यानं नाव ढकलली. पहिल्या दहा-वीस हातांतच धाकटीनं वल्ही घट्ट आवळून धरली. ही ती नदी नव्हे! काठावरची झाडं मागं पळत होती. पाणी नावेला चारी बाजूंनी धरून ओढत होतं, आणि आपलं वल्हं म्हणजे त्याच्या दृष्टीनं काहीच नव्हतं.

"अगं थोपव!" पुढून ताई ओरडली. तिनं गळ टाकला होता. "गळ बुडायच्या आत तू मला पुढं घेऊन जातेस. मासे काय पळत येतील मागून?"

"ही एवढी पळायला कधीपासून लागली?" धाकटी धापा टाकत म्हणाली. "ही तर संथ आहे. संथ होती!"

"पहिल्यापासून अशीच आहे."

धाकटीनं टाचा पट्टीला रोवल्या आणि मागं ओढलं. पुन्हा ओढलं. हळूहळू नाव पाण्यापेक्षा मागं रेंगाळायला लागली, फेसाचे ठिपके नावेला ओलांडून पुढं जाऊ लागले. काठावरची झाडं चालीवर आली. आणि तिथं, हात खांद्यातून निखळायला आलेले असताना, धाकटीला कळलं की बावीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला आपण जिच्याबद्दल सांगत होतो ती संथ नदी कधी नव्हतीच. तो सगळा संथपणा मागच्या पाटावरून येत होता. ताई ओढून धरत होती म्हणून तिला डुलकी लागत होती. तिला इतकी लाज वाटली आणि ताईबद्दल इतकी माया दाटून आली की दोन्हींतलं कुठलं जास्त ते तिला कळेना. बोलायला दम मात्र नव्हता.

"डावीकडं टाक," थोड्या वेळानं ती म्हणाली. "झाडाच्या सावलीत."

"मला शिकवू नकोस," ताई म्हणाली आणि डावीकडं टाकला.

टाकणं काही सोपं नव्हतं. डाव्या हाताची सवय नाही, गळाची तार कधी काठीलाच गुंडाळायची, कधी टोपड्यात अडकायची. एकदा गळ वल्ह्याला लागला आणि ताई मोठ्यानं म्हणाली, "लागला! चांगला दांडगा आहे!" दोघी इतक्या हसल्या की नाव आडवी झाली, एका दगडाला घासली आणि धाकटीनं घाबरून नेमकं पुढं ढकललं. मग तिला कारखान्यातलं ताईच्या काठीचं टोक आठवलं. नाक दगडाकडं, आणि मागं. नाव सुटली. ताईनं वळून पाहिलंसुद्धा नाही. धाकटीला त्या न वळण्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्या शाबासकीचा वाटला नसता.

उकडलेली अंडी आणि पाव त्यांनी चालत्या नावेतच खाल्लं, म्हणजे ताईनं खाल्लं. धाकटीला वल्हं सोडून हात मोकळा करायचं धाडस होईना. ऊन चढलं. धाकटीच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट होती: ताईची पाठ. टोपड्याखालून निसटलेले पांढरे केस, जरा उजवीकडं कललेला खांदा, त्याच्यापलीकडं काठीचं थरथरणारं टोक आणि त्याच्याही पलीकडं नदी. ताईनं बावीस वर्षं हेच पाहिलं असणार. धाकटीला आजवर फक्त नदी दिसली होती.

दुपारी एका निवांत पाण्याच्या कडेला काठीचं टोक खाली गेलं. ताईनं काठी ठोकळ्यातल्या वाकड्या भोकात खोचली आणि डाव्या हातानं रीळ फिरवायला लागली. मासा एकदा उसळला, ठिपके चमकले, आणि ताईचे खांदे वर गेले. उजवासुद्धा. थोडा, पण गेला. मग तार सैल पडली. मासा सुटला होता.

"गेला," ताई म्हणाली. तिच्या आवाजात चौदा महिन्यांत न ऐकलेलं काहीतरी होतं. "असा असतो होय तो! पार खांद्यापर्यंत येतं गं!"

धाकटीनं मान हलवली. ताईला ते दिसण्यासारखं नव्हतं.

शेवटचं वळण घेतलं आणि तिरका खडक दिसला. कोपर टेकून तसाच आडवा. त्याच्यापलीकडं वाळवंटात गाडी उभी होती आणि धाकटीचा नवरा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाण्यापासून सुरक्षित अंतरावर, दोन्ही हात हलवत होता. बस, एवढीच फेरी. उद्या सकाळी गुरांचा डॉक्टर येणार होता आणि टोपली त्याच्या अंगणात जाणार होती. धाकटीच्या तळहातांतले फोड फुटले होते, पाठ मोडून आली होती. तरी आयुष्यात कुठलीच गोष्ट तिला एवढी लांबवावीशी वाटली नव्हती. पण नियम तो नियम, आणि तो सांगायची पाळी आता तिची होती.

"ताई," ती म्हणाली, "खडक आला गं."

पुढ्यात डोहाचं पाणी उकळल्यासारखं हलत होतं. ताई वळली नाही. तिनं तार गोळा केली, गळावरचं आमिष एका हातानं कसंबसं नीट केलं आणि काठी मागं घेतली.

"एकदाच अजून टाकते," ती म्हणाली.

"टाक," म्हणत धाकटीनं आपल्या मापाच्या पट्टीला टाचा रोवल्या आणि नाव थोपवून धरली.